कोंबड्यांना जागा किती लागते ते आषाढात मोजा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या पुरवणीत मागं परसातल्या कोंबड्यांवर लेख आला होता तो आमच्या घरात सगळ्यांनी वाचला, चांगला होता, खाद्य काय घालायचं, लस कधी द्यायची, गावरान अंड्याचं काय ते सगळं नीट लिहिलंय, पण जागेचा विषय आला तिथं लेखकानं 'एका कोंबडीला 4 चौरस फूट जागा पुरते' असं एक वाक्य टाकलं आणि पुढं गेला. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तर कापा पण पावसाचा भाग तेवढा ठेवा.

सध्या कळंब्यापासून उचगावापर्यंत ज्याच्या बंगल्यामागं जरा मोकळी जागा आहे त्याला कोंबड्या पाळाव्यात असं वाटायला लागलंय, चांगली गोष्ट आहे, पोरांना अंडं कुठनं येतं ते तरी कळेल. पण ते 4 फूट आहेत ते खुराड्याच्या आतले. रात्री कोंबडी दांडीवर बसते, तिला दांडीवर 8-10 इंच मिळाले की ती गप झोपते, चार-पाच कोंबड्यांत अंडी घालायला एक खोकं असलं की भागतं, त्यामुळं आतली जागा कमी असली तरी चालतं. दिवसाचं गणित वेगळं. सकाळी दार उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिला उकरायचं असतं, टोचायचं असतं, धुळीत लोळायचं असतं, दुपारी सावलीत पाय पसरून पडायचं असतं आणि कोण मोठी कोण धाकटी हे रोज ठरवायचं असतं. हे सगळं 4 फुटात कसं बसवायचं? उकरायला मिळालं नाही की ती चोच शेजारणीच्या पाठीवर चालते. एकदा पिसं उपटून रक्त दिसलं की बाकीच्यापण तिथंच टोचायला लागतात आणि मग ते थांबवणं लई अवघड.

आता बाहेरचे आकडे बघू. अमेरिकेत परसात कोंबड्या पाळणारे साधारण आत 4 आणि बाहेरच्या कुंपणात 8 ते 10 चौरस फूट एका कोंबडीमागं धरतात. युरोपात 'फ्री रेंज', म्हणजे मोकळं फिरणाऱ्या कोंबडीचं, म्हणून अंडं विकायचं असेल तर एका कोंबडीमागं बाहेर 4 चौरस मीटर मोकळी जागा लागते, तसा नियमच आहे, म्हणजे आपल्या हिशोबानं 43 चौरस फूट. तुम्ही गुंठ्यात विचार करत असाल तर 1089 ला 43 नं भागा, एका गुंठ्यात 25 कोंबड्या. आणि 10 फुटाचा हिशोब धरला तर त्याच गुंठ्यात 108 बसतात! 25 आणि 108, दोन्ही आकडे लोक 'योग्य' म्हणून सांगतात. उलट बाजूला आपल्याकडच्या पिंजऱ्यातल्या लेयर (अंड्यासाठी पाळलेल्या) कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षा कमी जागा येते, विधी आयोगानं 2017 साली यावर अख्खा 269 नंबरचा अहवाल दिलाय, ज्याला इंटरेस्ट आहे त्यानं बघावा. त्यामानानं 10 फूट म्हणजे चैनच वाटते.

पण दोन आकड्यांत फरक का, तर 43 फुटाच्या मागं गवताचा विचार आहे. कोंबडी गवत नुसतं खात नाही तर मुळासकट उकरून काढते. एका कोंबडीला 10 फूट दिलेत तर तिथलं गवत थोड्याच दिवसात संपणार, मग खाली उघडी माती राहणार, हे धरूनच चालायचं. ज्याला परसात हिरवळ आणि कोंबड्या दोन्ही पाहिजेत त्यानं जागेचे दोन भाग करावेत, एकात कोंबड्या असताना दुसरा मोकळा सोडायचा. आपल्या शहरातल्या प्लॉटमध्ये तेवढी जागा कुणाकडं असते म्हणा. म्हणजे आपण उघड्या मातीवरच कोंबड्या पाळणार आहोत, आणि माती उघडी असली की जूनमध्ये काय होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको.

युट्यूबवर जे व्हिडिओ आहेत ते सगळे दिवाळीनंतरचे. ऊन पडलंय, जमीन कोरडी, कोंबड्या ऐटीत फिरतायत, बघणाऱ्याला वाटतं एवढ्यात बसतंय की सगळं. माझं म्हणणं एवढंच की जागा मोजायची तर आषाढातली मोजा. शहरातला पाऊस गगनबावड्याएवढा नसेल, पण झड लागली की सलग दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, आणि तेवढे दिवस कोंबडीची जागा म्हणजे पत्र्याखालची कोरडी जागा, बाकी कुंपण कितीपण मोठं असू दे.

माझ्या मावसभावाकडं पाचगावला मागच्या भिंतीला लागून 10 बाय 6 चं जाळीचं कुंपण आहे, त्यात पंधरा कोंबड्या. म्हणजे एकीला बरोबर 4 फूट, लेखात लिहिलंय तेवढेच. उन्हाळ्यात गेलो तर काही वाटलं नाही कारण सुट्टीत घरी पोरं होती आणि दिवसभर दार उघडं ठेवून कोंबड्यांना परसात सोडत होते. जुलैत गेलो तर वेगळंच चित्र. पत्रा भिंतीपासून तीनच फूट पुढं आलेला, म्हणजे 10 बाय 3, कोरडी जागा 30 फूट आणि त्यात पंधरा जणी, एकीला 2 फूट. सगळ्या पाठीला पाठ लावून उभ्या. एक तांबडी तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) होती ती पत्र्याच्या अगदी कडेला, पन्हळ नसल्यामुळं पाण्याची धार तिच्या शेपटीवर पडतीय, ती आत सरकायला गेली की मोठी काळी कोंबडी तिच्या डोक्यात चोच मारून परत बाहेर काढतीय. खाद्याचं भांडं एकच आणि ते काळीच्या ताब्यात. तलंगीच्या शेपटीच्या बुडाजवळ पिसं नव्हतीच, नुसती गुलाबी कातडी. खालचा चिखल आणि विष्ठा एकत्र होऊन जो काला झाला होता त्याचा वास पुढच्या दारापर्यंत. भाऊ म्हणतोय औषध सांग, आता याला औषध काय सांगायचं, निम्म्या कोंबड्या कुणाला तरी देऊन टाक म्हटलं.

हा वास का येतो तेपण समजून घ्या. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर ओली विष्ठा टाकते, दहा कोंबड्या म्हणजे रोजचा किलोभर माल. जागा ऐसपैस आणि कोरडी असेल तर तो सुकतो, मातीत मिसळतो, वास येत नाही. ओला राहिला की अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, कोंबड्यांना सर्दी-खोकला धरतो. शिवाय रक्ती हगवणीचे जंतू उबदार ओल्या जागेतच जोर धरतात आणि पिल्लांना पहिलं गाठतात. जंतांचंपण तेच. म्हणून शेजाऱ्याची तक्रार आली की लोक फिनेल ओततात ते बिनकामाचं, जागा कोरडी करा नाहीतर कोंबड्या कमी करा.

मग हिशोब कसा करायचा? मी असा करतो. समजा घरामागं 10 बाय 20 जागा आहे, 200 फूट. त्यातनं धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, मोटर, शेवग्याचं झाड आणि बायकोच्या कुंड्या वजा करा (कुंड्या वजा करायच्याच, कोंबड्या सोडल्या तर एक रोप शिल्लक राहणार नाही). राहिली 10 बाय 12, म्हणजे 120 फूट. 10 फुटाच्या हिशोबानं कागदावर 12 कोंबड्या बसतात. आता बघा यातल्या किती भागावर पत्रा किंवा शेड टाकता येते, समजा 10 बाय 4, कोरडे 40 फूट. माझ्या मतानं झडीच्या दिवसात खुराडं सोडून बाहेर एकीला 5 फूट तरी कोरडी जागा पाहिजे, म्हणजे 8 कोंबड्या. बारा नाही, आठ. बारा पाहिजेत तर पत्रा 6 फूट पुढं आणा, पण पावसाचं वारं आडवं येतं हे लक्षात ठेवा, पश्चिमेच्या बाजूला ताडपत्री नाही लावली तर पत्र्याखालचंपण भिजतं. आधी कोरडी जागा मोजायची, त्यावरनं कोंबड्या ठरवायच्या. आपल्याकडं उलटं होतं, आधी खोक्यातनं पंचवीस पिल्लं येतात आणि मग जाळी किती मीटर आणू म्हणून विचारतात.

पिल्लांनी तर सगळ्यांनाच फसवलंय. तळहातावर बसणारं पिल्लू बघून माणसाला वाटतं एवढ्याशा जिवाला किती जागा लागणार, आणि चार-पाच महिन्यात ती अंड्यावर येते. परत त्यात नर किती आणि मादी किती ते घेताना कळत नाही, निम्मे कोंबडे निघाले तर मारामाऱ्या सुरू. आठ-दहा कोंबड्यांत एक कोंबडा बास, आणि नुसती खायची अंडी पाहिजेत तर तोपण नको, कोंबड्याशिवाय अंडी येत नाहीत असं अजूनपण लोकांना वाटतं, येतात, फक्त त्यातनं पिल्लू निघत नाही. पहाटे चारला आरवणारं कुणी नसलं की शेजारीपण खूश.

जातीनं जागा बदलते का, तर बदलते. गिरिराज, वनराज या अंगानं जड, संथ, फार उडत नाहीत, त्यांना 10 फूट ठीक. कडकनाथ आणि आपली गावरान हलकी आणि चपळ, त्यांना जागा जास्त लागते आणि सहा फुटाची जाळीपण त्या सहज पार करतात, एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कातरली की तोल जातो आणि उडणं थांबतं, पण पिसं झडून नवीन आली की परत कातरावी लागतात. असील (झुंजीची जात) ठेवणाऱ्यांना मी काय सांगणार, त्यांना माहीतच आहे, दोन असील कोंबडे एका कुंपणात ठेवायचेच नाहीत मग कुंपण एकराचं असू दे.

फुटांशिवाय आकारपण बघा. बंगल्याच्या बाजूचा जो 5 फुटी बोळ असतो त्यात लोक जाळी लावतात, 5 बाय 20, शंभर फूट झाले म्हणतात. पण बोळात दुबळ्या कोंबडीला मोठीला वळसा घालून जाता येत नाही, ती टोकाला अडकते आणि दिवसभर तिथंच उपाशी बसते. तेवढीच जागा चौकोनी असली तर बरं. बोळच असेल तर खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन्ही टोकाला ठेवा, मध्ये एखादं लाकडाचं ओंडकं, जुनं डालगं असं काहीतरी आडवं टाका, आडोसा मिळाला की निम्मी भांडणं मिटतात. एक-दोन दांड्या उंचावर बांधल्या तर तीपण जागाच की. आणि उंची माणूस उभा राहील एवढी ठेवा. वाकून झाडायला लागलं की आठवड्यात कंटाळा येतो आणि मग कुणीच झाडत नाही.

खाली काय टाकायचं यावर लोक फार विचारतात. वडणग्याकडची काळी माती पाणी धरून बसते, तिथं वर चार-सहा इंच मुरूम आणि जाड वाळू टाकून उतार काढल्याशिवाय गत्यंतर नाही. पन्हाळा-राधानगरीकडच्या तांबड्या मातीत निचरा होतो, तिथं एवढं करायला लागत नाही. पत्र्याखाली भाताचं तूस सगळ्यात चांगलं, आजरा-चंदगडकडं भाताच्या गिरण्या आहेत तिथनं पोती आणणारे आहेत. उसाचं पाचट किंवा चिपाडाचा भुसा आपल्याकडं फुकट मिळतो म्हणून टाकतात, चालतो, पण कोरडा असेतोवरच. भिजला की बुरशी धरतो आणि ती बुरशी श्वासातनं आत गेली की कोंबड्यांना छातीचं दुखणं लागतं. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवायचीच, पावसाळ्यात धुळीत लोळायला मिळालं नाही की अंगावर उवा-पिसवा होतात. तो कोपरा पण कोरड्या फुटांत धरा, एका वेळेला दोघी लोळतील एवढा तरी.

उन्हाळ्याचं थोडक्यात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, आणि धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी झाला की कवचाला लागणारा माल तयार होत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये अंड्याचं कवच पातळ येतं. लोक शिंपल्याचा चुरा वाढवतात, चुरा पाहिजेच, पण दुपारी सगळ्या कोंबड्या मावतील एवढी सावली आहे का ते आधी बघा. नुसती पत्र्याची सावली तापते, पत्र्यावर पाला टाका.

मुंगूस, घूस, बोका, मोकाट कुत्री आणि वरनं घार, हे सगळे पाहुणे शहरातपण आहेत. षटकोनी चिकन जाळी कुत्रं फाडतं, खालचे दोन फूट तरी बारीक वेल्डमेश लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा. वर नेट किंवा जाळी. वरच्या नेटचा आणखी एक फायदा, बर्ड फ्ल्यू. 2006 ला नवापूरला आणि 2021 ला परभणीकडं काय झालं ते पेपरात आपण सगळ्यांनी वाचलंय. अशी साथ आली की बाधित ठिकाणाच्या 1 किलोमीटरमधले पक्षी मारतात आणि 10 किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवतात, आणि त्या काळात आपल्या कोंबड्या बगळ्या-कावळ्यांत मिसळू द्यायच्या नसतात. म्हणजे परसात सोडणं बंद, कुंपणाच्या आत काय असेल तेवढ्यावर भागवायचं. संध्याकाळी तासभर बाहेर सोडतो म्हणून कुंपण लहान चालेल म्हणणाऱ्यांनी हे पण धरावं. तसंही नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर डिसेंबरात सहाला दिवस मावळतो, तुम्ही ऑफिसातनं येईपर्यंत कोंबड्या दांडीवर चढलेल्या असतात, मग सोडता कधी?

कुणी म्हणेल, आमच्या आजीकडं गावाला कोंबड्या होत्या तिनं कधी फूट मोजले नाहीत. बरोबर आहे. तिच्या कोंबड्यांना उकिरडा होता, गोठा होता, खळं होतं, शेजारच्या चार घरांचं अंगण होतं, रात्री डालग्याखाली झाकलं की झालं. पावसात त्या गोठ्यात गाई-म्हशींच्या पायात कोरड्यात फिरायच्या. आजीकडं एका कोंबडीला किती गुंठे होते ते कुणी मोजलं नाही एवढंच. आपल्याकडं कंपाऊंड वॉल आहे.

चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांसाठी एक वेगळं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला 39 फूट झालं की इशारा आणि 43 फूट झालं की धोका, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर तिथं पक्कं कुंपण बांधण्यात अर्थ नाही असं माझं मत, उचलून नेता येईल असं खुराडं करा आणि ट्रॉलीत जेवढी डालगी मावतील तेवढ्याच कोंबड्या ठेवा. तिथं मोजमाप फुटावर नाही, ट्रॉलीवर.

शेवटचा मुद्दा वेळेचा, आणि हा कुणीच लिहीत नाही. बहुतेक लोक पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये घेतात, पोरांना सुट्टी असते म्हणून. एप्रिलचं पिल्लू जुलैत तीन महिन्याचं होतं, म्हणजे अंगानं भरतं, जागा मागायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच कोरडी जागा सगळ्यात कमी असते. तेच पिल्लू गणपती झाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरला घेतलं तर ते वाढतं कोरड्या दिवसात, फेब्रुवारी-मार्चला अंड्यावर येतं, आणि पुढच्या जूनच्या आत पत्रा वाढवायचा की कोंबड्या कमी करायच्या हे ठरवायला तुमच्याकडं उन्हाळा असतो. फक्त थंडीत पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे बल्बची ऊब द्यायला लागेल, तेवढा खर्च धरा. कोल्हापुरात सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथनं किंवा खाजगी हॅचरीतनं पिल्लं देताना 'तुमच्याकडं पत्र्याखाली किती फूट आहे' एवढं विचारून चिठ्ठीवर लिहून दिलं तर निम्मे पंचवीसवाले दहावर येतील. आणि आपण पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून जागेवर एक वेगळा लेख लिहून घ्या, जातवार आकडे, पावसाळ्याचे वेगळे, आणि तो एप्रिलमध्ये न छापता अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी छापा, तेव्हा लोक पिल्लांची चौकशी करायला लागलेले असतील.

आपला,
एक नियमित वाचक,
फुलेवाडी, कोल्हापूर